सध्या वाचतोय : गवत मेलं तर काय उरतं?



गेला आठवडाभर पेजवर काही टाकलं नाही म्हणून दोघातिघांनी विचारलं, गव्हाला पहिलं पाणी झालं का, फोटो नाही आला. पाणी झालं. एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळं फुटायच्या वेळेला, ठरल्याप्रमाणं. पण या आठवड्यात आमच्या फिडरला थ्री फेजची लाईट रात्रीची आहे. एक वाफा भरेपर्यंत हेडटॉर्चच्या उजेडात पुस्तकाची चार पानं होतात. त्यामुळं आज वावराचा फोटो नाही, वाचलेल्याचा हिशोब देतो. गाडी शेवटी शेतावरच येणार आहे, काळजी नसावी.

पुस्तक आहे 'द डेथ ऑफ ग्रास'. म्हणजे गवताचं मरण. लेखक जॉन ख्रिस्तोफर. हे टोपणनाव, खरं नाव सॅम्युएल यूड, माणूस इंग्लंडचा. कादंबरी १९५६ सालची. पुतणी बीएस्सी ॲग्रीला आहे, तिनं पुण्यातून जुन्या पुस्तकांत आणली आणि म्हणाली, "काका, हे तुमच्या कामाचं आहे." माझं इंग्रजी बारावीपुरतं. मोबाईलमध्ये डिक्शनरी उघडी ठेवूनच वाचतो. पण गंमत अशी की शेतीचे शब्द कुठं अडत नाहीत, माणसांच्या गप्पा अडतात.

विज्ञानकथेचा नाद मला शाळेपासून. गावच्या वाचनालयात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता, आणि जयंत नारळीकर होते. मुंबईत बर्फ पडल्याची त्यांची गोष्ट मी भर मे महिन्यात लिंबाखाली वाचली होती, अजून आठवते. नारळीकरांचा एक किस्सा बऱ्याच जणांना माहीत नसेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. एवढा जगाला माहीत असलेला शास्त्रज्ञ, पण नाव बघून बक्षीस नको म्हणून. बक्षीस पहिलंच मिळालं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, त्या दिवशी मी 'प्रेषित' परत काढून वाचली.

आमच्या पारावरचे म्हणतात, शेतकऱ्यानं बाजारभाव वाचावा, हे कसलं परग्रहाचं वाचतोस. मी वाद घालत नाही. या कादंबरीत परग्रह नाही, यान नाही, काही नाही. फक्त एक रोग आहे, पिकावरचा.

गोष्ट थोडक्यात सांगतो. चीनमध्ये भातावर एक विषाणू येतो. भात जातो, तिकडं उपासमार होते, आणि इंग्लंडमधली माणसं चहा पिता पिता पेपरात वाचतात की बिचाऱ्यांचं वाईट झालं. शास्त्रज्ञ एक औषध काढतात. त्यानं विषाणूचे चार प्रकार मरतात आणि पाचवा उरतो. हा पाचवा आधीच्या चारांखाली दबलेला होता. मैदान मोकळं मिळाल्यावर तो भातावर थांबत नाही, सगळं गवतकुळ धरतो. गहू, बार्ली, ओट, राय, कुरणातलं साधं गवतसुद्धा.

इथं मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि वाफा फोडून आलो. कारण हे आपण बघितलेलं आहे. एक कीड दाबली की दुसरी डोकं वर काढते, आणि तेच तेच औषध मारत राहिलं की जे मरत नाही तेच पुढं वाढतं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं बीटी कापसाचं काय केलं ते इथल्या बऱ्याच जणांनी बोंडं फोडून बघितलंय. ख्रिस्तोफरनं हे १९५६ ला लिहिलं, बीटी यायच्या कितीतरी आधी.

पण चूक ती चूक. विषाणूवर फवारायचं औषध आजही नाही, तेव्हाही नव्हतं. आपण मारतो ते मावा, तुडतुडे, पांढरी माशी, म्हणजे रोग वाहून नेणारे. पपईच्या रिंगस्पॉटवर बुरशीनाशक मारणारे अजून भेटतात मला, त्यांनी हे वाक्य परत वाचावं. सगळ्या गवतकुळावर एकच विषाणू, हे मात्र वाटतं तेवढं हवेतलं नाही. बार्लीचा पिवळा खुजा रोग करणारा विषाणू शंभराहून जास्त जातींच्या गवतांवर जातो, माव्यामार्फत. सगळ्यांना मारत नाही एवढंच नशीब.

आता मुख्य गंमत. रात्री दीड वाजता बांधावर बसून मी हिशोब मांडला, की हा रोग उद्या आपल्या शिवारात आला तर माझ्या पाच एकरातलं काय जाईल.

ऊस दोन एकर. गेला, ऊस गवतच आहे. ज्वारी एक एकर, गेली. गहू अर्धा एकर, ज्याला मी त्या वेळी पाणी देत होतो, तो गेला. खरिपातली बाजरी गेली. मुरघासाची मका गेली. बांधावरचं हत्तीगवत गेलं. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला, कडबा गेला म्हणजे दोन गाई विकायच्या, पण घेणार कोण, सगळ्यांचीच वैरण गेलेली. बांबूसुद्धा गवतकुळातला, म्हणजे डालगी, टोपल्या, मांडवाचे वासे गेले.

उरलं काय? कांदा, तूर, हरभरा, भुईमूग, बांधावरचा शेवगा. आणि लसूणघास! नावात घास आहे पण पीक द्विदल, हरभऱ्याच्या गोतावळ्यातलं, त्यामुळं वाचली. दोन गुंठे आहे, तेवढ्यावर दोन गाई चार दिवस.

तणांचा हिशोब केला तर हसू आलं. हराळी गेली. आयुष्यभर जिच्यामागं कुदळ घेऊन फिरलो ती हराळी एका विषाणूनं गेली, याबद्दल मी गावात पेढे वाटले असते, पण पेढ्याला दूध कुठलं. लव्हाळा मात्र जात नाही. तो दिसतो गवतासारखा, पण कुळ वेगळं, नागरमोथ्याचं. दांड्याला हात लावून बघा, तीन कडा लागतात. आणि काँग्रेस गवत तर नावालाच गवत, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. म्हणजे जगातलं सगळं धान्य संपल्यावर माझ्या रानात लव्हाळा आणि काँग्रेस दिमाखात उभे. हे मी सकाळी घरी सांगितलं तर मंडळी म्हणाल्या, "मग आत्ता तरी वेगळं काय आहे?"

पुतणीनं यात एक खरी गोष्ट घातली, ती मला कादंबरीपेक्षा जास्त आवडली. १९७० च्या आसपास आशियात भातावर खरोखरच एक विषाणू पसरला होता, ग्रासी स्टंट नावाचा. झाड खुजं राहतं, गवतासारखे फुटवे फुटतात, लोंबी भरत नाही. तपकिरी तुडतुड्यामार्फत जातो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सहा हजारांवर वाण आणि रानभात तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती एका नमुन्यात. ओरायझा निवारा नावाचा रानभात, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. त्यापासून पुढचे वाण तयार झाले, त्यातला आयआर ३६ हा १९७६ ला आला आणि लाखो हेक्टरवर लागला. त्या कामात पुढं होते गुरुदेव खुश, पंजाबातले. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटतो तसला रानभात, त्याची मूठभर दाणी कुणीतरी पाकिटात घालून, वर चिठ्ठी लावून थंड खोलीत ठेवली होती म्हणून हे झालं. तो नमुना गोळा करणाऱ्याला तेव्हा ठाऊकही नसेल आपण काय उचलतोय ते.

असो. कादंबरी निम्म्यानंतर शेतीची राहत नाही, माणसांची होते. आणि खरं सांगायचं तर तिथं ती जड जाते वाचायला.

दोघं भाऊ आहेत. थोरला डेव्हिड, त्याला आजोबांची जमीन मिळाली, तो शेती करतो. धाकटा जॉन लंडनमध्ये इंजिनिअर. डेव्हिडचं शेत उत्तरेला डोंगरातल्या एका खोऱ्यात आहे, आत जायला एकच अरुंद वाट. डेव्हिड पेपर वाचून थांबत नाही. तो आधीच ओळखतो काय येतंय, जनावरं कमी करतो, बटाटा आणि बीट लावतो, आणि वाटेवर कुंपण घालतो. भावाला निरोप देतो, बायकोपोरं घेऊन ये. शहरात सरकार शेवटपर्यंत सगळं ठीक आहे म्हणत राहतं, आणि आतून शहरांवरच बाँब टाकायचा विचार चाललेला असतो, खाणारी तोंडं कमी करायला. जॉन निघतो. वाटेत त्याच्या हातून जे जे होतं ते मी इथं लिहीत नाही. दोन दिवसांपूर्वी ज्याला आपण सज्जन म्हणालो असतो तो माणूस तिसऱ्या दिवशी काय करतो, हे तो लेखक न ओरडता सांगत जातो. शेवटी जॉन खोऱ्याच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हा त्याच्यामागं तीसेक माणसं झालेली असतात. डेव्हिड भावाला घ्यायला तयार आहे, त्याच्या बायकोपोरांनाही. बाकीच्यांना नाही. आत जेवढे बटाटे आहेत तेवढीच तोंडं. पुढं काय होतं ते सांगत नाही, ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं.

हे वाचताना मला २०२० चा मार्च आठवणं साहजिक होतं. तुम्हालाही आठवेल. तेव्हा गावोगाव रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या. आमच्याही वेशीत पडल्या, वर एक जुनी बैलगाडी लावली होती. माझा धाकटा भाऊ पिंपरीला कंपनीत. त्याचा फोन आला, कंपनी बंद, येऊ का. आता ये म्हणायला मी कोण आणि नको म्हणायला तरी मी कोण, जमीन दोघांची. पण तो पुढं म्हणाला, शेजारच्या खोलीत बिहारचा एक पोरगा आहे, एकटाच आहे, मेस बंद झालीय, त्याला पण आणू का?

गावात बैठक झाली, मास्क लावून. भावाला आणि त्याच्या पोरांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं यावर कुणाची हरकत नव्हती. परक्या पोराला मात्र नको, असं निम्म्याहून जास्त लोकांचं म्हणणं. ती माणसं वाईट नव्हती. भ्यायलेली होती, मीही भ्यायलेलो होतो. आमचे आबा कोपऱ्यात बसले होते ते म्हणाले, "कांदा काढायला आलाय, माणूस मिळंना. तुम्ही त्याचं तोंड मोजताय, हात कोण मोजणार?" मग तो पोरगा आला. चौदा दिवस शाळेच्या दुसऱ्या वर्गात राहिला, मी दोन वेळचा डबा खिडकीवर ठेवायचो. नंतर दीड महिना आमच्यात राहिला, कांदा काढला, आईकडून भाकरी थापायला शिकला. अजून दिवाळीला फोन करतो.

म्हणून मला डेव्हिडचा नुसता राग येत नाही. कुंपणाच्या आत उभं राहिलं की हिशोब दिसायला लागतो, पोती किती आणि माणसं किती. आमचा कांदा शेतात उभा होता आणि धान्य येत राहिलं, म्हणून आमचा हिशोब सोपा होता. त्याचा नव्हता.

आबांना मी या कादंबरीची गोष्ट मराठीत सांगितली, दोन संध्याकाळी. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला होतो, अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली. आणि त्याच्या आगंमागं संकरित बाजरीत गोसावी शिरला तो सांगितलास का, म्हणाले. तो मी वाचला होता. एचबी १ हा पहिला संकरित वाण १९६५ ला आला, मग त्या मालिकेतले पुढचे. पीक दाणक्यात यायचं. पण मादी वाण सगळ्यांचा एकच, अमेरिकेतल्या टिफ्टनहून आलेला टिफ्ट २३ ए. सत्तरच्या दशकात केवडा आला, आपण ज्याला गोसावी म्हणतो तो, आणि कणसाच्या जागी पानांचे झुपके उभे राहिले. आबांच्या भाषेत, "रान हिरवंगार आणि दाणा एक नाही."

नेमकं त्याच सुमारास, १९७० ला, अमेरिकेत मक्यावर हेच झालं. बियाणं तयार करताना मजुरांनी तुरे खुडायचे लागू नयेत म्हणून कंपन्यांनी बहुतेक संकरित मक्यात एकच नरवंध्य पेशीद्रव्य वापरलं होतं, टेक्सासचं. त्या पेशीद्रव्यालाच लागणारा करपा आला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक एका हंगामात गेलं. म्हणजे कादंबरीतला चीनचा विषाणू लेखकानं डोक्यातून काढला, पण त्याचा रस्ता खराच होता.

डेव्हिडला वाचवतो बटाटा. याआधी मी अँडी वीअरची 'द मार्शियन' वाचली होती, तिथंही मंगळावर एकट्या राहिलेल्या माणसाला बटाटाच वाचवतो. बारा बटाटे, डोळे ठेवून फोडी करतो, तळाच्या आत मंगळाची माती पसरतो, त्यात पृथ्वीवरची थोडी माती आणि स्वतःचंच सोनखत मिसळतो. पाणी तर इंधनातून काढतो. मला ते पुस्तक फार आवडलं, कारण तो माणूस रडत नाही, वजाबाकी करतो. इतक्या कॅलरी, इतके दिवस. पण आमचे मामा सातगाव पठारावर बटाटा करतात. त्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "बेण्याची सुप्तावस्था मोडली होती का?" खायचा बटाटा काढला आणि लगेच लावला असं मामांच्या राज्यात चालत नाही. शिवाय २००८ ला फिनिक्स नावाच्या यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलंय, ते आधी धुवून काढावं लागेल. मामा म्हणाले, क्षारपड जमीन आहे म्हणायची.

आणि बटाट्याचं तरी काय सांगता. आयर्लंडमध्ये १८४५ ला उशिराचा करपा आला. गरीब माणूस एकाच वाणावर जगत होता, लंपर नावाच्या. बेणं म्हणजे कंदच, म्हणजे सगळ्या देशात एकच झाड फोडी करकरून लावलेलं. सुमारे दहा लाख माणसं गेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य भरलेली जहाजं बाहेर जातच होती, हेही लिहून ठेवतो. करप्यानं बटाटा मारला, माणसं नुसत्या करप्यानं मेली नाहीत.

आता माझ्या दोन एकर उसाकडं या. को ८६०३२. शेजारी कोण? ८६०३२. त्याच्या पलीकडं? तोच, किंवा २६५. मी त्या वाणाला नावं ठेवत नाही, साखर उतारा देतो, खोडवा देतो, घर त्यावर चाललंय. पण ऊसही टिपरीनं लावतात, म्हणजे कोसभर रान एकाच झाडाचं. गवताळ वाढ झालेलं एक बेट मी गेल्या वर्षी उपटून जाळलं, तेव्हा एवढा विचार केला नव्हता, आता त्या कोपऱ्यात गेलो की थांबून बघतो.

यातून घरात एक विषय निघालाय. भावाचं म्हणणं, ज्वारी निघाली की त्या एकरातही ऊस लावू. त्याचं चुकत नाही. ज्वारी काढायला बाया मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही, आणि एकराचा जमाखर्च मांडला तर कडब्यानंच काय ते भागतं. माझं म्हणणं, अर्धा एकर तरी राहू दे. ती मालदांडी आहे. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली एम ३५-१ सगळ्यांना माहीत आहे, पण आमची ती नव्हे. आमची आबांच्या वडिलांपासूनची, दरवर्षी कणसं निवडून राखेत ठेवलेली. त्यात काय गुण आहे ते मला ठाऊक नाही. खोडमाशी कमी लागते असं मला दिसतं, पण मी प्रयोग मांडून मोजलेलं नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही. विद्यापीठातलं कुणी हे वाचत असेल तर दोन किलो बी द्यायला तयार आहे, तपासा आणि थंड खोलीत ठेवा. भावाशी बोलणं चालू आहे. काल रात्री फोनवर तो म्हणाला, अर्ध्या एकराचं नुकसान तू एकट्यानं सोसणार का? मी हो म्हणालो. मग तो हसला, म्हणाला, नको, निम्मं निम्मं.

पुढचं पुस्तक काढून ठेवलंय, फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून', १९६५ चं. जाडजूड आहे, पावसाळ्यापर्यंत पुरेल. नुसत्या वाळूचा ग्रह, पाण्याचा थेंब थेंब मोजणारी माणसं, घामाचंही पाणी परत वापरतात. अर्पणपत्रिकाच कोरडवाहू मुलखातल्या पर्यावरणशास्त्रज्ञांना आहे, म्हणून लगेच आपलं वाटलं. आणि बघा योगायोग, हर्बर्टला ते सुचलं अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावर. पुढं सरकत रस्ते गिळणाऱ्या वाळूच्या टेकड्या तिथं सरकारी लोक थांबवत होते, आणि कशानं, तर गवत लावून. ते बघायला तो लेख लिहायचा म्हणून गेला, लेख राहिला आणि कादंबरी झाली.

'द डेथ ऑफ ग्रास' वाचून मोकळं झालंय. ज्याला हवं त्यानं सोमवारी बाजारात बियाण्याच्या दुकानापाशी घ्यावं. पानं दुमडू नयेत, पुतणी ओरडते.